ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचा फुटबॉल संघ का नसतो?

८ जुलै २०२३. जॉर्जियातल्या बातुमी शहरात इंग्लंडच्या २१ वर्षांखालील मुलांनी स्पेनला १-० असं हरवून युरोपचं विजेतेपद पटकावलं. सबंध स्पर्धेत त्यांनी एकही गोल होऊ दिला नव्हता. अंतिम सामन्याच्या अगदी शेवटच्या क्षणी स्पेनला पेनल्टी मिळाली, तीही गोलरक्षक जेम्स ट्रॅफर्डने अडवली. हीच स्पर्धा पॅरिस ऑलिम्पिकच्या पुरुष फुटबॉलसाठी युरोपची पात्रता स्पर्धाही होती. उपांत्य फेरीत इंग्लंड, स्पेन, इस्रायल आणि युक्रेन असे चार संघ होते आणि पॅरिसच्या जागा होत्या तीन. त्या मिळाल्या स्पेन, इस्रायल आणि युक्रेनला. युक्रेनचा फुटबॉल संघ इतिहासात पहिल्यांदाच ऑलिम्पिकला गेला. इस्रायलला १९७६ नंतर पहिल्यांदा संधी मिळाली. स्पेनने तर पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये सुवर्णपदक जिंकलं. विजेता इंग्लंड मात्र घरी बसला.

ही कुठली शिक्षा नव्हती आणि कोणी तक्रारही केली नाही, कारण हे असंच होणार हे स्पर्धा सुरू होण्याआधीच सगळ्यांना ठाऊक होतं. इंग्लंड नावाचा देश ऑलिम्पिकच्या दफ्तरी नाही. तिथे आहे ग्रेट ब्रिटन. आणि ग्रेट ब्रिटन नावाचा संघ फुटबॉलच्या दफ्तरी नाही. तिथे आहेत इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड. सगळा वाद या दोन नोंदवह्या जुळत नाहीत म्हणून आहे.

दोन नोंदवह्या

ऑलिम्पिकमध्ये प्रवेश राष्ट्रीय ऑलिम्पिक समितीमार्फत मिळतो. ब्रिटनची अशी समिती एकच, १९०५ साली स्थापन झालेली ब्रिटिश ऑलिम्पिक असोसिएशन. धावपटू एडिनबराचा असो वा कार्डिफचा, तो तिच्यामार्फतच जातो. उत्तर आयर्लंडच्या खेळाडूंना ब्रिटन किंवा आयर्लंड यांपैकी एक निवडता येतो, एवढाच काय तो अपवाद.

फुटबॉलचा जन्मच वेगळा. इंग्लंडची संघटना १८६३ची, स्कॉटलंडची १८७३ची, वेल्सची १८७६ची आणि बेलफास्टमधली आयरिश संघटना १८८०ची. जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात झाला आणि ०-० असा सुटला. फिफा स्थापन झाली १९०४ मध्ये. म्हणजे जागतिक संघटनेला पाळण्यात घातलं तेव्हा हे चौघे तिच्यापेक्षा वयाने कितीतरी मोठे होते. त्यांना ‘तुम्ही आता एक व्हा’ असं सांगायचं कोणी? फिफाने त्यांना चार स्वतंत्र सदस्य म्हणूनच मान्यता दिली. आजही फिफाच्या घटनेत या चार ब्रिटिश संघटनांचा वेगळा उल्लेख आहे.

नियम बनवणाऱ्या मंडळात तर त्यांचं वजन आणखी जास्त आहे. ऑफसाइड कसा धरायचा, हँडबॉल कशाला म्हणायचं, हे ठरवणाऱ्या या मंडळात एकूण आठ मतं असतात. चार फिफाची आणि चार या चौघांची, प्रत्येकी एक. नियम बदलायला सहा मतं लागतात. दोनशेहून जास्त देशांची प्रतिनिधी असलेली फिफा यांच्यापैकी किमान दोघांना सोबत घेतल्याशिवाय खेळाचा एक नियमही बदलू शकत नाही.

हे लक्षात घेतलं की स्कॉटलंड आणि वेल्सची भीती कळते. आज फिफाचे २११ सदस्य आहेत आणि फिफाच्या महासभेत प्रत्येकाला एक मत आहे. एकाच सार्वभौम देशाला चार मतं का, हा प्रश्न इतर खंडांतून अधूनमधून उठतच असतो. ‘ऑलिम्पिकला एकत्र खेळता येतं, मग विश्वचषकाला का नाही?’ असं उद्या कोणी महासभेत विचारलं तर उत्तर काय द्यायचं? ब्रिटन एकच संघ उतरवायला लागला तर इंग्लंडचं फारसं बिघडणार नाही, कारण त्या संघात बहुतेक खेळाडू त्यांचेच असतील. संपतील ते बाकीचे तिघे. २०१६च्या युरो स्पर्धेत उपांत्य फेरी गाठणारा वेल्सचा संघ, १९५८च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत पोहोचलेला उत्तर आयर्लंडचा संघ, हे सगळं इतिहासजमा होईल.

महाराष्ट्राच्या क्रिकेटप्रेमींना ही भीती वेगळी समजावून सांगायला नको. एका राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन रणजी संघ आहेत, कारण तिन्ही संघटना जुन्या आहेत. भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या लोढा समितीने २०१६ मध्ये ‘एक राज्य, एक मत’ अशी शिफारस केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती आधी मान्यही केली. मताचा अधिकार तिघांत आळीपाळीने फिरणार अशी वेळ आली. त्याच काळात विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने तिघांचं पूर्ण सदस्यत्व परत दिलं. संघ कितीही चांगला खेळत असला तरी बैठकीतली खुर्ची जाईल की राहील ही धास्ती वेगळीच असते. ग्लासगो, कार्डिफ आणि बेलफास्टमध्ये तीच धास्ती आहे.

एकेकाळी हा संघ होता

ब्रिटनने १९०८ आणि १९१२ मध्ये फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं, दोन्ही वेळा अंतिम फेरीत डेन्मार्कला हरवून. नाव ग्रेट ब्रिटनचं, पण खेळाडू इंग्लंडच्या हौशी संघाचे. खऱ्या अर्थाने मिश्र संघ पाहायचा तर १९४८चा लंडनमधला. प्रशिक्षक मँचेस्टर युनायटेडचे मॅट बस्बी, म्हणजे स्वतः स्कॉटिश. खेळाडू चारही भागांतले हौशी. त्यात रॉनी सिम्पसन नावाचा १७ वर्षांचा स्कॉटिश गोलरक्षक होता, ज्याने पुढे १९६७ मध्ये सेल्टिककडून युरोपियन कप जिंकला. या संघाने उपांत्य फेरी गाठली, तिथे युगोस्लाव्हियाकडून ३-१ हरला, आणि कांस्यपदकाच्या लढतीत डेन्मार्ककडून ५-३.

पुढे घसरण झाली. १९५२ मध्ये लक्झेंबर्गसारख्या चिमुकल्या देशाने ५-३ हरवलं. १९५६ मध्ये मेलबर्नला बल्गेरियाने ६-१. (त्याच बल्गेरियाशी कांस्यपदकासाठी भारत खेळला आणि ०-३ हरला, मूळचे गोव्याचे नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली ती हीच स्पर्धा.) १९६०च्या रोमनंतर थेट २०१२पर्यंत ब्रिटनचा संघ मुख्य स्पर्धेपर्यंत पोहोचलाच नाही.

आणि १९७४ मध्ये इंग्लंडच्या संघटनेने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच काढून टाकला. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. ब्रिटिश ऑलिम्पिक संघ चौघांच्या भांडणामुळे बंद पडला असं सर्रास लिहिलं जातं. तसं नाही. तेव्हा ऑलिम्पिक फुटबॉल हौशी खेळाडूंसाठी होतं आणि कागदोपत्री हौशी म्हणावा असा खेळाडूच इंग्लंडमध्ये उरला नाही, म्हणून संघ पाठवणं थांबलं. भांडण नंतरचं आहे. ऑलिम्पिकची दारं व्यावसायिकांना उघडली तेव्हा ‘आता परत जायचं का?’ हा प्रश्न आला आणि तोवर चौघांना आपापल्या वेगळेपणाची किंमत पुरती कळली होती.

२०१२: यजमानपदाची सोय

लंडनला यजमानपद मिळालं आणि पेच टाळता येईना. यजमानाला पात्रता फेरी खेळावी लागत नाही. जागा राखीव होती, ती रिकामी ठेवणं अवघड होतं. जून २०११ मध्ये ब्रिटिश ऑलिम्पिक असोसिएशनने ऐतिहासिक समझोता झाल्याचं जाहीर केलं आणि लगोलग बाकीच्या तीन संघटनांनी आपण असं काही मान्य केलेलं नाही असं सांगितलं. तोडगा निघाला तो असा: संघ इंग्लंडची संघटना चालवेल, बाकीचे त्याला पाठिंबा देणार नाहीत, पण आपल्या खेळाडूंना अडवणारही नाहीत.

पुरुषांच्या १८ जणांत १३ इंग्लिश आणि ५ वेल्श होते. कर्णधार वेल्सचा रायन गिग्ज. आयुष्यभर विश्वचषक किंवा युरोची मुख्य स्पर्धा खेळायला न मिळालेला हा थोर खेळाडू अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा अशा व्यासपीठावर उतरला. स्कॉटलंडचा एकही नाही, उत्तर आयर्लंडचा एकही नाही, जरी ऑलिम्पिकचे काही सामने ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवरच झाले. सामन्याआधी ‘गॉड सेव्ह द क्वीन’ सुरू झालं की वेल्सचे खेळाडू ओठ मिटून उभे राहायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर रकानेच्या रकाने भरायचे. संघ उपांत्यपूर्व फेरीत कार्डिफमध्ये दक्षिण कोरियाकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरला.

महिलांच्या संघाची गोष्ट वेगळी झाली. होप पॉवेल प्रशिक्षक, संघात दोन स्कॉटिश खेळाडू, किम लिटल आणि इफेओमा डाइक. ३१ जुलैला वेम्ब्लीवर ब्राझीलविरुद्ध सामना होता आणि प्रेक्षक होते ७०,५८४. दुसऱ्याच मिनिटाला स्टेफ हॉटनने गोल केला आणि ब्रिटन १-० जिंकलं. ज्या खेळाडूंनी क्लबसाठी काहीशे लोकांसमोर खेळण्यात वर्षं काढली होती, त्यांच्यासाठी हे केवढं होतं ते सांगायला नको. उपांत्यपूर्व फेरीत कॅनडाने हरवलं, पण इंग्लंडमधल्या महिला फुटबॉलला जी गती आली तिच्यात त्या रात्रीचा वाटा मोठा आहे.

आता ज्या भीतीने विरोध झाला तिचा हिशेब पाहा. फिफातलं कोणाचंही सदस्यत्व गेलं नाही. त्या संघातले ॲरन रॅमसी, जो ॲलन आणि नील टेलर चार वर्षांनी युरोची उपांत्य फेरी गाठणाऱ्या वेल्सच्या संघात होते. तरीही भीती खोटी ठरली असं म्हणता येत नाही, कारण २०१२चा अपवाद यजमानपदाचा होता. एकदाच केलेली गोष्ट आणि दर चार वर्षांनी केलेली गोष्ट यांत फरक आहे. वहिवाट दुसऱ्या प्रकाराने पडते.

संमती कोणाची, हाच खरा प्रश्न

मार्च २०१५ मध्ये इंग्लंडच्या संघटनेने २०१६च्या रिओ ऑलिम्पिकसाठी पुन्हा संघ पाठवायचा मानस कळवला. बाकीच्या तिघांनी विरोध केला. फिफाने सांगितलं, चौघांची संमती हवी. विषय तिथेच मिटला. पण त्याच उन्हाळ्यात इंग्लंडचा महिला संघ विश्वचषकात तिसरा आला, आणि युरोपमधल्या पहिल्या तीन संघांना रिओचं तिकीट होतं. इंग्लंडची जागा मोकळी राहिली. ती भरायला नेदरलँड्स, नॉर्वे, स्वीडन आणि स्वित्झर्लंड यांच्यात वेगळी स्पर्धा घ्यावी लागली. ती स्वीडनने जिंकली, आणि रिओत स्वीडन थेट अंतिम फेरीत पोहोचून रौप्यपदक घेऊन आलं. इंग्लंडने कमावलेल्या जागेवरून दुसऱ्या देशाने पदक नेलं. खेळाडूंच्या वाट्याला यापेक्षा कडू काय असतं?

यानंतर चौघांनी शहाणपणाचा मार्ग काढला. पुरुष संघाचा विषय बाजूला ठेवून फक्त महिलांपुरती संमती द्यायची. ती प्रत्यक्षात कशी चालते ते नीट समजून घ्यायला हवं, कारण गडबड तिथेच होते.

पहिलं, पात्रता स्पर्धा सुरू होण्याआधी चारही संघटना होकार देतात. नंतर दिलेल्या होकाराला अर्थ नाही. दुसरं, चौघांपैकी एक संघ ‘नामनिर्देशित’ होतो, म्हणजे त्याची कामगिरी ब्रिटनची धरली जाते. जागतिक क्रमवारीत वरचा म्हणून तो मान आजवर इंग्लंडला मिळाला. स्कॉटलंडने उद्या पात्रतेइतकी कामगिरी केली आणि इंग्लंडने केली नाही, तर ब्रिटनला काहीच मिळत नाही. तिसरं, जागा मिळाली की ती इंग्लंडची राहत नाही, ब्रिटनची होते. निवड चारही देशांतून व्हायची, संघ मात्र इंग्लंडची संघटना चालवते. आणि यादी १८ जणींची. विश्वचषकाला २३ जणी असायच्या. म्हणजे पात्रतेसाठी घाम गाळलेल्या किमान पाच इंग्लिश खेळाडू बाहेर राहणार, आणि एखादी वेल्श किंवा स्कॉटिश खेळाडू आत आली की आणखी एक. हा गणिती पेच प्रशिक्षकाच्या माथी येतो.

टोकियोसाठी हे जमलं. इंग्लंडने २०१९च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठून जागा मिळवली. महामारीमुळे यादी २२ जणींची करायची मुभा मिळाली. त्यात १९ इंग्लिश, स्कॉटलंडच्या किम लिटल आणि कॅरोलाइन वीर, वेल्सची सोफी इंगल. प्रशिक्षक हेगे रिसे नॉर्वेच्या. कर्णधारपद हॉटन, लिटल आणि इंगल अशा तिघींत, म्हणजे तीन देशांत, फिरतं ठेवलं. ही छोटी बाब वाटेल, पण तिच्यामुळे ‘इंग्लंडलाच दुसरा सदरा चढवलाय’ हा आक्षेप बराच बोथट झाला. उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध एलेन व्हाइटने तीन गोल केले, जादा वेळेत वीरची पेनल्टी अडवली गेली, आणि ब्रिटन ४-३ हरलं. हरल्याचं दुःख सगळ्यांनी वाटून घेतलं, कोणत्या देशाच्या खेळाडूमुळे हरलो यावर फार काथ्याकूट झाला नाही.

हॅम्पडेनची रात्र

पॅरिससाठी युरोपने पात्रतेची पद्धत बदलली. विश्वचषकाऐवजी नेशन्स लीग ही युरोपातल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा आली, आणि चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा इंग्लंड आणि स्कॉटलंड एकाच गटात पडले. सोबत नेदरलँड्स आणि बेल्जियम. गटात पहिला येणाराच पुढे जाणार.

५ डिसेंबर २०२३ रोजी शेवटची फेरी. इंग्लंड आणि नेदरलँड्सचे गुण समान, पण गोलफरकात नेदरलँड्स तीनने पुढे. नेदरलँड्स घरच्या मैदानावर बेल्जियमशी खेळत होतं, इंग्लंड हॅम्पडेनवर स्कॉटलंडशी. आता स्कॉटलंडच्या खेळाडूंच्या जागी उभं राहून बघा. गटात शेवटचे, खालच्या श्रेणीत जाणं ठरलेलं. समोर सगळ्यात जुना प्रतिस्पर्धी. आणि तो प्रतिस्पर्धी भरपूर गोलांनी जिंकला तर आपल्याच संघातल्या दोघी-तिघींना ऑलिम्पिकला जायची संधी. सामन्याआधी पत्रकारांनी स्कॉटलंडच्या प्रशिक्षकांना आणि खेळाडूंना हेच विचारलं. त्यांना ते अपमानास्पद वाटलं, आणि वाटणारच. प्रामाणिक खेळाडूला ‘तू मुद्दाम हरणार का?’ असं विचारण्यासारखंच ते होतं.

मध्यंतराला इंग्लंड ४-० पुढे. नंतर लगेच पाचवा. इंज्युरी टाइममध्ये नेदरलँड्सने तिसरा गोल केला. इकडे ल्युसी ब्रॉन्झने इंग्लंडचा सहावा. त्या क्षणी दोघांचा गोलफरक सारखा, अधिक सात, पण जास्त गोल केल्यामुळे इंग्लंड वर. म्हणजे ब्रिटन पुढे. मग दोन मिनिटांत नेदरलँड्सच्या डमारिस एगुरोलाने चौथा गोल केला, चार दिवसांच्या पावसात भिजत आलेल्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवावं तसं झालं. इंग्लंड ६-० जिंकूनही एका गोलाने बाहेर.

बाहेर पडले ते फक्त इंग्लंड नव्हे, ब्रिटन. एरिन कथबर्टसारख्या स्कॉटिश खेळाडूंची पॅरिसची वाटही त्याच गोलाने बंद झाली, आणि त्याच खेळाडू त्या रात्री मैदानावर इंग्लंडला रोखायला धावत होत्या. (नेदरलँड्सलाही शेवटी पॅरिस मिळालं नाही, यजमान फ्रान्सव्यतिरिक्त स्पेन आणि जर्मनी गेले.) स्कॉटलंडच्या हेतूबद्दल शंका घ्यायला काडीचाही आधार नाही. पण ज्या रचनेत अशी शंका घेता येते ती रचना सदोष आहे, आणि तो दोष खेळाडूंच्या नावावर लावला गेला ही खरी वाईट गोष्ट आहे.

हॉकीला जमतं, मग फुटबॉलला का नाही?

हॉकीतही इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वेगळे खेळतात आणि ऑलिम्पिकला एक होतात. १९४८ मध्ये वेम्ब्लीवर स्वतंत्र भारताने अंतिम सामन्यात ४-० हरवलं तो ग्रेट ब्रिटनचाच संघ. २०१६ मध्ये रिओत त्यांच्या महिलांनी सुवर्ण जिंकलं, पुरुषांच्या रग्बी सेव्हन्स संघाने रौप्य. तिथे तक्रार होत नाही, कारण हॉकीचं सर्वोच्च शिखर ऑलिम्पिक आहे आणि सगळा सराव, पैसा, नियोजन त्याभोवती फिरतं. पुरुष फुटबॉलमध्ये उलट आहे. तिथे विश्वचषक वरचा, ऑलिम्पिक २३ वर्षांखालील मुलांचं, जास्तीत जास्त तीन मोठ्या खेळाडूंसह. क्लबवर खेळाडू सोडायचं बंधनही नाही. २००८ मध्ये मेस्सीवरून बार्सिलोनाने क्रीडा लवादात तेच सिद्ध केलं. अशा स्पर्धेसाठी शतकभर जपलेलं वेगळेपण पणाला लावायला स्कॉटलंड तयार नाही, यात हटवादीपणा दिसत नाही. पुरुष संघाचा आग्रह सोडून देणंच बरं.

महिलांचं तसं नाही. त्यांच्या ऑलिम्पिकला वयाची अट नाही, पूर्ण ताकदीचे संघ येतात, विश्वचषकाखालोखाल तेच मोठं व्यासपीठ. स्कॉटलंड, वेल्स किंवा उत्तर आयर्लंडच्या एखाद्या गुणी खेळाडूला विश्वचषक कधी मिळेल न मिळेल; ब्रिटनच्या सदऱ्यात ऑलिम्पिक मिळू शकतं. म्हणून महिलांपुरती संमती टिकवायलाच हवी. २०२८ला लॉस एंजेलिसमध्ये महिलांचे १६ संघ असतील, २००८ ते २०२४ पर्यंत १२ असायचे. आणि पात्रतेच्या चिठ्ठ्या काढताना, एकाच ऑलिम्पिक समितीखाली येणारे संघ एका गटात पडणार नाहीत एवढी अट घालणं युरोपच्या संघटनेला अवघड नाही. राजकीय वैर असलेल्या देशांना ती वेगवेगळ्या गटांत ठेवतेच. हॅम्पडेनवर विचारला गेलेला प्रश्न मग कोणालाच विचारावा लागणार नाही.